एकाच घराची चूल

"आमची प्रजा परक्याचा घास खाणार नाही! जहाज माघारी फिरवा!" रणधीरराजे गरजले.

"चार दिवस पोरं उपाशी आहेत, राजे. आणखी दोन दिवसांनी घास खायला प्रजाच उरायची नाही," ठमा कोळीण तेवढ्याच जोरात म्हणाली.

दर्या उसळून किनाऱ्यावरच्या तीन वाड्या वाहून गेल्या होत्या. पलीकडच्या देशानं तांदूळ आणि औषधं भरून जहाज धाडलं, पण राजा ते बंदराला लागू देईना. याविरुद्ध बोललेले दोन दरबारी कालच तुरुंगात गेले होते. बाकीचे माना खाली घालून बसले होते. मिशा मात्र सगळ्यांना होत्या.

"हे सारं राज्य म्हणजे माझं एकच घर," राजा म्हणाला, "आणि माझं घर भीक घेत नाही!"

"थोरल्या राणीसाहेब गेल्या, तेव्हा वाड्यात काय जेवलात हो?"

"पिठलं-भाकरी. शेजारच्यांनी आणलेली."

"म्हणजे भीकच की!"

"जीभ आवर, म्हातारे! सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात, त्याला भीक म्हणत नाहीत!"

ठमानं पदर खोचला. पुढं ती जे बोलली, त्यानं राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला आणि दिवस मावळायच्या आत जहाज बंदराला लागलं. ती एवढंच म्हणाली, "मग राजे, तुमच्या या एकाच घरात चारशे माणसं गेलीत, आधी तुमच्या मुदपाकखान्याची चूल विझवा, आणि शेजारी जेवण घेऊन दारात उभा आहे, त्याला आत घ्या."