बिट्टीच्या दारावरचा ढीग

एका बांधाला एक बीळ. बिळाला एक दार. दारात एक उंदरी.

उंदरीचं नाव बिट्टी. बिट्टी अंगठ्याएवढी. तिचं पिल्लू नखाएवढं.

एकदा पिल्लू झोपलं. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

बिट्टी म्हणाली, "पिल्लू उठायच्या आत एक शेंग घेऊन येते."

बिट्टी गेली, तुरुतुरु तुरुतुरु. भुईमुगाची शेंग घेतली. बिट्टी आली, तुरुतुरु तुरुतुरु.

आणि बघते तर काय? दारच नाही! दारावर हा एवढा मातीचा ढीग!

शेताचे मालक होते आबा. आबांना हवं होतं शेततळं. मोठं पिवळं यंत्र आलं. घर्रर्र! तळं खणलं. धप्पाक! माती टाकली. कुठे टाकली? शेत केवढं मोठं, पण टाकली नेमकी बिट्टीच्या दारावर. आणि यंत्र गेलं निघून.

ढिगाच्या मागे काडीएवढं भोक होतं. त्यातून वारा जायचा. बिट्टी जायची नाही, शेंगही जायची नाही. बिट्टीनं भोकाला कान लावला. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"झोप हं बाळा," बिट्टी म्हणाली. "आई आलीच."

बिट्टी गेली आबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

आबा फार कामात होते. बाजेवर पडून ढिगाकडे बघत होते. सकाळपासून बघत होते. बघून बघून दमले होते बिचारे!

"आबा, आबा, ढीग हलवा ना!
ढीग हलत नाही.
पिल्लू आत, मी बाहेर!"

आबा म्हणाले, "यंत्र परत बोलवायला परवडत न्हाई बघ. आपली केणी बरी. पर ढवळ्या केणी ओढील, मगच म्या उठीन. तवर उठून करू काय?"

केणी म्हणजे लाकडाची रुंद फळी. बैल पुढे चालतो, फळी मागे माती ढकलते. डिझेल नको, काही नको. फक्त कुणीतरी उठायला हवं!

बिट्टी गेली ढवळ्या बैलाकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

ढवळ्याही फार कामात होता. रवंथ करत होता.

"ढवळ्यादादा, ढवळ्यादादा, केणी ओढ ना!
ढवळ्या ओढत नाही, म्हणून आबा उठत नाहीत.
आबा उठत नाहीत, म्हणून ढीग हलत नाही.
पिल्लू आत, मी बाहेर!"

ढवळ्या म्हणाला, "ओढीन की! मी कधी नाही म्हटलंय? पण केणीचा दोर तुटलाय. सगुणामावशी नवा दोर वळेल, मगच मी ओढीन."

दोर कधी तुटला होता? मागच्या वर्षी. ढवळ्यानं कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. उगाच कुणाला त्रास कशाला!

बिट्टी गेली सगुणामावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

सगुणामावशीचा दोर म्हणजे दोर! हत्तीलाही तुटायचा नाही. फक्त ती तो वळायची नाही.

"सगुणामावशी, सगुणामावशी, दोर वळ ना!
मावशी वळत नाही, म्हणून ढवळ्या ओढत नाही.
ढवळ्या ओढत नाही, म्हणून आबा उठत नाहीत.
आबा उठत नाहीत, म्हणून ढीग हलत नाही.
पिल्लू आत, मी बाहेर!"

मावशी म्हणाली, "दोर वळायचा तर वाख भिजायला हवा. वाख म्हंजी हे घायपाताचे धागे. तळं वाख भिजवंल, मगच म्या वळीन."

"मावशी, तुझ्या शेजारी पाण्याची बादली आहे," बिट्टी म्हणाली. "काठोकाठ भरलेली."

"बादलीत?" मावशीनं कपाळाला हात लावला. "आमच्यात वाख तळ्यातच भिजवत्यात!"

झालं! मावशीच्यात तळ्यातच भिजवतात म्हटल्यावर बादली काय करणार? बसली गप्प.

बिट्टी गेली तळ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

तळं नवंकोरं. आत थेंबभर पाणी नाही, पण रुबाब केवढा!

"तळ्या, तळ्या, वाख भिजव ना!
तळं भिजवत नाही, म्हणून मावशी वळत नाही.
मावशी वळत नाही, म्हणून ढवळ्या ओढत नाही.
ढवळ्या ओढत नाही, म्हणून आबा उठत नाहीत.
आबा उठत नाहीत, म्हणून ढीग हलत नाही.
पिल्लू आत, मी बाहेर!"

तळं म्हणालं, "भिजवीन ना! माझ्याएवढं मोठं तळं आहे का गावात? पण पाट वाहत येईल, मगच मी भिजवीन."

बिट्टी गेली पाटाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. जाता जाता भोकाला कान लावला. घुर्र नाही! पिल्लू उठलं होतं.

"आई, भूक!"

"आले हं, सोन्या, आलेच!" बिट्टी म्हणाली. ती आणखी जोरात पळाली.

विहिरीपासून तळ्यापर्यंत पाट होता. पाटात पाणी होतं. पण ते नुसतं उभं होतं.

"पाटा, पाटा, वाहत ये ना!
पाट वाहत नाही, म्हणून तळं भिजवत नाही.
तळं भिजवत नाही, म्हणून मावशी वळत नाही.
मावशी वळत नाही, म्हणून ढवळ्या ओढत नाही.
ढवळ्या ओढत नाही, म्हणून आबा उठत नाहीत.
आबा उठत नाहीत, म्हणून ढीग हलत नाही.
पिल्लू आत, मी बाहेर!"

पाट म्हणाला, "वाहीन गं! पण माझ्या तोंडावर ढेकूळ आहे. पाणी अडवायला आबांनी ठेवलं आणि विसरले. आबा ढेकूळ काढतील, मगच मी वाहीन."

"आबा?" बिट्टी म्हणाली. "पण आबा तर उठतच नाहीत!"

"मग राहिलं," पाट म्हणाला. "माझी काही घाई नाही."

बिट्टी मटकन खाली बसली. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग तिनं डोळे पुसले आणि ढेकळाकडे बघितलं. केवढं होतं ढेकूळ? सुपारीएवढं!

आबा एवढे मोठे. ढवळ्या त्याहून मोठा. मावशी मोठी, तळं मोठं, पाट लांबच लांब. आणि सगळे अडले कशावर? सुपारीवर!

आता मात्र बिट्टीला आला राग. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत राग!

तिनं शेंग खाली ठेवली. पुढचे पाय ढेकळाला लावले. खर्र खर्र, खर्र खर्र! ढेकूळ हललं. खर्र खर्र, खर्र खर्र! ढेकूळ फुटलं.

आणि मग?

ढेकूळ फुटलं, पाट वाहिला. खळखळ खळखळ!
पाट वाहिला, तळ्यानं वाख भिजवला. डुबुक डुबुक!
तळ्यानं वाख भिजवला, मावशीनं दोर वळला. सर्र सर्र!
मावशीनं दोर वळला, ढवळ्यानं केणी ओढली. खुळुक खुळुक!
ढवळ्यानं केणी ओढली, आबा उठले. आई गं, आई गं!
आबा उठले, ढीग हलला. भस्सकन!

एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. शेताच्या कोपऱ्यात एक खळगा होता. सगळी माती खळग्यात गेली. खळगा भरला. शेत सपाट झालं. ढीग संपला.

आबांनी घाम पुसला. "बघा, एकट्यानं ढीग हलवला!"

"एकट्यानं?" ढवळ्या म्हणाला. "ओढली कुणी?"

"आन् दोर कुणाचा?" मावशी म्हणाली.

"पाणी कुणाचं?" तळं म्हणालं.

"माझं!" पाट म्हणाला.

भांडू देत बापडे. बिट्टीला वेळ नव्हता. तिनं शेंग उचलली आणि सुळ्ळकन दारात शिरली.

आत पिल्लू, आत बिट्टी!

बिट्टीनं पिल्लूला कुशीत घेतलं. घट्ट घट्ट घेतलं.

"आई, एवढा वेळ कुठे होतीस?"

"काही नाही रे राजा. मोठी मंडळी बसून होती. जरा उठवून आले."

बिट्टीनं शेंग फोडली. टक्! आत दोन दाणे.

एक दाणा पिल्लूला. एक दाणा बिट्टीला.

आणि टरफल? ते तिनं दाराबाहेर ठेवलं, आबांसाठी.

फार दमले होते ना ते!