शेजारच्या राणीचा उपग्रह

समुद्रकाठी मौक्तिकपूर नावाचे एक राज्य होते. तिथला राजा धैर्यशील कष्टाळू होता, प्रजेवर माया करणारा होता, पण स्वभावाने भारी संशयी. खाडीपलीकडे राणी इरावतीचे राज्य होते. तिचा एक उपग्रह रोज मौक्तिकपूरवरून जाई. तो आपल्यावर पाळत ठेवायलाच सोडला आहे, असे राजाच्या मनाने घेतले होते. मौक्तिकपूरचाही एक उपग्रह होता, पण तो जुना झाला होता. कधी चाले, कधी मुका बसे.

राजाने आपल्या शास्त्रज्ञांकडून एक अस्त्र करवून घेतले. उपग्रहाचा आकाशातच चक्काचूर करील असे ते अस्त्र होते. राज्याच्या स्थापनादिनी, सगळ्या प्रजेदेखत, ते राणीच्या उपग्रहावर सोडायचे ठरले.

शास्त्रज्ञांची प्रमुख होती मृण्मयी. अस्त्र तिनेच घडवले होते, तरी ती राजाला भेटायला गेली. फुटलेल्या उपग्रहाचे तुकडे लगेच खाली पडत नाहीत, वर्षानुवर्षे गोळीहून वेगाने फिरत राहतात, आणि समोर येणारा उपग्रह कुणाचा आहे हे ते पाहत नाहीत, असे तिने समजावून सांगितले. राजाला ते कळत होते. पण दवंडी पिटून झाली होती. आता माघार घेतली तर लोक हसतील, ही त्याला धास्ती.

स्थापनादिन उजाडला. टेकडीवर अस्त्र उभे राहिले. सनई-चौघडा वाजू लागला, माणसांची दाटी झाली. कोळीवाड्यातल्या फक्त बायका आल्या होत्या. मासेमारीचा हंगाम सुरू झाला होता, म्हणून सगळे बाप्ये होड्या घेऊन खोल समुद्रात गेले होते. आकाश स्वच्छ होते. राजा कळ दाबायला पुढे झाला.

तेवढ्यात राणीकडून बिनतारी संदेश आला. शिपायाने तो मोठ्याने वाचून दाखवला. मौक्तिकपूरच्या होड्यांच्या दिशेने वादळ वळले आहे, त्यांना ताबडतोब परत बोलवावे, एवढाच मजकूर होता.

सेनापती रुद्रसेन हसला. उपग्रह वाचवण्यासाठी राणीने ही थाप मारली आहे, असे तो म्हणाला. राजालाही तसेच वाटले. त्याने मृण्मयीला विचारले, की आपला उपग्रह काय सांगतो. तो कालपासून बंद पडला आहे, असे तिने सांगितले.

"मग हे खरं की खोटं, कसं कळायचं?"

"कळणार नाही, महाराज. समुद्रावर आज पाहणारा राणीचा उपग्रह तेवढा एकच आहे."

राजाने गर्दीकडे पाहिले. पुढेच बायजा नाखवीण उभी होती. तिचा नवरा आणि दोन्ही मुलगे एकाच होडीवर गेले होते. तिने राजाकडे पाठ केली होती आणि ती समुद्राकडे पाहत होती. राजाचा हात कळीवरून मागे आला. आपण फसलो तर चारचौघांत हसे होईल, एवढेच. पण संदेश खरा असला तर?

"होड्या परत बोलवा," तो म्हणाला, "आणि अस्त्र उतरवा."

"महाराज, राणी हसेल आपल्याला," रुद्रसेन म्हणाला.

"होड्या किनाऱ्याला लागू देत. मग खुशाल हसू दे."

होड्या परतू लागल्या. नाखवे कुरकुरत होते, कारण जाळी अर्धीच भरली होती. पण दुपार कलली तशी क्षितिजावर काळोखी आली आणि वारा पिसाळला. शेवटची होडी लाटांशी झुंजतच धक्क्याला लागली. मग जे वादळ आले, त्याने माडच्या माड उपटले, कौले उडवली, धक्का फोडला. माणूस मात्र एकही गेला नाही.

बायजा मुलांना घेऊन राजाच्या पाया पडायला आली. राजाने तिला वाकू दिले नाही. आभार मानायचे तर ते खाडीपलीकडे मानायला हवेत, असे तो म्हणाला.

समुद्र निवळल्यावर राजा स्वतः निघाला. बरोबर लवाजमा नव्हता. कोळणींनी दिलेल्या सुक्या मासळीच्या टोपल्या तेवढ्या होडीत होत्या. त्या राणीपुढे ठेवून त्याने हात जोडले.

"तुमचा संदेश आला, तेव्हा मी तुमच्याच उपग्रहावर अस्त्र रोखलं होतं."

"माहीत आहे," राणी म्हणाली. "त्याच उपग्रहातून तुमची टेकडी दिसते. अस्त्र उभं राहताना आम्ही पाहिलं."

"तरीही संदेश पाठवलात?"

"अस्त्र टेकडीवर होतं, महाराज. वादळ होड्यांवर चाललं होतं."

आजवर कुणापुढे न झुकलेली मान राजाने खाली घातली. राणीनेच पुढे होऊन त्याला आसनावर बसवले आणि मासळी आत पाठवून जेवायचा आग्रह केला.

परत आल्यावर राजाने ते अस्त्र मोडीत काढले. मृण्मयीला त्याने नवा उपग्रह करायला सांगितले. तो आकाशात स्थिरावला, तेव्हा ढगांची पहिली खबर राजाच्या हुकुमाने आधी खाडीपलीकडे गेली. राणीच्या राज्यातल्या लोकांनी खळ्यावरचे धान्य वेळीच झाकून घेतले.

तात्पर्य: आकाशात जे सर्वांना राखते, ते दुसऱ्याचे आहे म्हणून फोडू नये, आणि ज्याच्यावर आपण संशय घेतला त्याने उपकार केले, तर ते मान लववून उघडपणे मानावेत.