मातीला न दिलेलं लोखंड

फार पूर्वी, आज जिथे स्पेन देश आहे तिथल्या उंच, कोरड्या माळावर, टेकडीच्या माथ्याशी एक दगडी गाव होतं. तिथले लोक मेंढ्या पाळायचे, ओकच्या फळांच्या पिठाची भाकरी खायचे आणि अशा तलवारी घडवायचे की दूरदूरचे राजे त्यांना लढायला बोलावून न्यायचे.

तलवारीची त्यांची रीत वेगळी होती. घरात मुलगा जन्मला की लोखंडाचे पत्रे जमिनीत पुरायचे. वर्षानुवर्षं माती त्यातला कच्चा भाग गंजवून खाऊन टाकायची. उरायचं ते चिवट लोखंड. मुलगा मोठा झाला की त्याचीच तलवार व्हायची, आणि तलवार कमरेला लागली की तो गाव सोडून जायला मोकळा.

या गावात अंबाता नावाची एक बाई होती. तिचा नवरा असाच तलवार लावून समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी लढाईला गेला होता. तो आला नाही, त्याची काही खबरही आली नाही. मागे राहिला तान्हा तुरोस, आणि अंगणातल्या मातीत तुरोसच्या नावाचं लोखंड.

पहिल्याच वर्षी, दुपारी सगळे मेंढ्यांमागे गेलेले असताना, अंबाताने माती उकरली. पत्र्यांवर तांबूस डाग पडायला लागले होते. तिने वाळूने डाग घासून काढले, डुकराची चरबी चोपडली आणि पत्रे परत पुरले. मग दरवर्षी तेच. आपण करतोय ते बरं की वाईट, हे ती दर वेळी स्वतःला विचारायची आणि उत्तर यायच्या आत माती लोटून हात झटकायची.

तुरोस सतरा वर्षांचा झाला. लोहाराने लोखंड काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला की याला मातीने अजून तोंडच लावलेलं नाही, एक वर्ष थांबू या. पुढच्या वर्षीही तो तेच म्हणाला. तुरोसच्या बरोबरीची पोरं एकेक करून गेली. जाताना चिडवून गेली, "तुझं लोखंड काय दुधावर वाढतंय का रे?" तो हसायचा. पण संध्याकाळ झाली की गावाच्या तटावर जाऊन बसायचा आणि खालच्या वाटेकडे बघत राहायचा. अंबाता दारातून त्याची पाठ बघायची. मुलगा घरात होता, डोळ्यांसमोर होता, आणि तरी तिला त्याची आठवण यायची.

तिसऱ्या वर्षी तुरोस अडून बसला. जसं आहे तसं घडवा म्हणाला. लोहाराने कुरकुरत तलवार घडवली. दिसायला झकास झाली. मग परीक्षेसाठी सगळं गाव जमलं. लोहाराने रिवाजाप्रमाणे तलवार डोक्यावर आडवी धरली, दोन्ही टोकं खांद्यांना टेकेपर्यंत वाकवली आणि सोडली. चांगली तलवार सपकन सरळ होते. ही झाली नाही. टोपीच्या काठासारखी त्याच्या डोक्यावर वाकून राहिली.

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले.

लोहार मात्र हसला नाही. या अंगणाची मातीच मुर्दाड असेल, असं तो म्हणाला. नवं लोखंड दुसरीकडे पुरू, सात वर्षं थांबू.

सात वर्षं! अंबाताला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. आता फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात तुरोस लोहाराला हळूच म्हणाला, "काका, मातीला कशाला बोल लावता? माझ्यातच दम नसेल."

हे तो चिडून म्हणाला नाही. पटल्यासारखा म्हणाला. अंबाताने त्याच्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षांचा उंचापुरा मुलगा, आणि खांदे म्हाताऱ्यासारखे उतरलेले.

ती पुढे झाली. "तुझ्यात काही कमी नाही. मी दरवर्षी ते उकरत होते. गंज पुसत होते, चरबी लावत होते. तू जाऊ नयेस म्हणून."

तुरोस तीन दिवस माळावर मेंढ्यांमागेच राहिला. चौथ्या दिवशी त्याने नवे पत्रे आणले आणि तिच्यादेखत त्याच अंगणात पुरले. लढाईला निघालेल्या एका सरदाराच्या घोड्यांची देखभाल करायला माणूस हवा होता. त्या कामाला तलवार लागत नव्हती, म्हणून ते त्याने पत्करलं.

निघताना तो म्हणाला, "हे पिकलं की तलवार घडवायला येईन, आई. माझी वाट बघ. पण माती उकरू नकोस."

अंबाता तटावर उभी राहिली. घोडे ठिपक्यांएवढे झाले, मग दिसेनासे झाले.

त्यानंतर हिवाळे आले, गेले. कधी वाटेने जाणारा एखादा धनगर सांगायचा की तो बरा आहे, कधी वर्षभर काहीच कळायचं नाही. अशा वेळी ती अंगणात जाऊन बसायची, हात मांडीखाली दाबून. खाली माती आपलं काम करत होती. वर ती आपलं काम करत होती.

तात्पर्य: ज्याला आपण गंजू देत नाही, त्याला पिकूही देत नाही. जपणाऱ्या हातांना थांबायलाही शिकवावं लागतं. आणि ते काम लढाईहून सोपं नसतं.