खेकडीची रांगोळी

फार मागे समुद्रकाठी एक खेकडी राहायची. ओहोटी लागली की ती वाळूच्या गोळ्यांची फुलं मांडून रांगोळी काढायची. एकदा तीच रांगोळी तिला बगळ्याच्या मासळीच्या दुकानावर रंगवलेली दिसली.

"बगळेभाऊ, ही तर माझी!"

"वाळूवर उघडी पडली होती. वाळू काय तुझ्या बापाची?"

"वाळू समुद्राची, पण रांगोळी माझी. 'घेऊ का गं?' एवढं विचारलं असतंत, तर हौसेनं काढून दिली असती."

बगळा हसला. तेव्हापासून खेकडी फुलाची एक पाकळी मांडायची बाकी ठेवू लागली.

काही दिवसांनी बगळा नवी नक्षी उतरवायला आला. "अगं, ही अर्धवट का?"

"तेवढी पाकळी विचारणाऱ्यासाठी राखलीय."

बगळा तसाच उडून गेला. खेकडी मात्र भरती येईपर्यंत बिळाच्या तोंडाशी त्याची वाट पाहत बसली.