पहिल्या पानावरचे हार

आमच्या गावच्या दैनिकात उपेंद्र केळुसकर फोटो काढायचा आणि श्रीरंग नावाच्या शिक्षकाबरोबर उघड संसार करायचा. पेपरचे नवे मालक आबासाहेब त्याला सर्वांसमक्ष म्हणाले, "केळुसकर, आपला पेपर घरंदाज आहे. पुरुषानं पुरुषाबरोबर नांदणं इथं शोभत नाही. उद्यापासून येऊ नका."

उपेंद्रने त्या दिवशीचा अंक उलगडला. "आबासाहेब, पहिलं पान बघा. आमदार सभापतींना हार घालताहेत, सभापती तुम्हाला, तुम्ही आमदारांना. वर सगळे लाजताय. आम्ही दोघांनी अजून एकमेकांना एकही हार घातलेला नाही. मग सोवळं घर कुणाचं?"

कचेरी खाली मान घालून खोकू लागली. आबासाहेबांनी अंकाची घडी घातली.

उपेंद्रची नोकरी टिकली. पहिल्या पानावर मात्र हल्ली पुष्पगुच्छच दिसतात, तेही हात लांब ठेवून दिलेले.