साळू आणि वानराची सावली

एका डोंगराळ जंगलात, दोन उंच कड्यांच्या मधल्या घळीत, एक साळू राहत असे. अंगभर काटे, चाल संथ, बोलणे बेताचे. मुलांनो, ज्याच्या अंगावर काटे तो स्वभावाने फटकळ, असे तुम्हाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका. ही साळू फार मऊ मनाची होती. तिला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती. एका अर्धवट राहिलेल्या खेळाचा शेवट तिला ऐकायचा होता.

तो खेळ असा होता. घळीच्या पश्चिमेकडच्या कड्याला, बऱ्याच उंचावर, आरपार भोक पडलेले होते. डोंगरातले लोक अशा भोकाला नेढे म्हणतात. त्या नेढ्यात एक वानर राहत असे. तो तिथून गोष्ट सांगायचा आणि समोर, पूर्वेकडच्या कड्याच्या पायथ्याला, सपाट कातळावर हरणे आणि मोर ती गोष्ट करून दाखवायचे. कळपातून चुकलेले एक पाडस आपल्या आईला शोधत रानोमाळ हिंडते, एवढीच काय ती गोष्ट. पण प्रत्येक भाग संपला की पाहणाऱ्यांना रात्री झोप लागत नसे. प्रेक्षक मधल्या जागेत बसायचे, तोंड कातळाकडे आणि पाठ वानराकडे. वानर होता भिडस्त. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकले होते, "माझ्याकडे कुणी बघितलं की मी अडखळतो. तुम्ही आपले पाडसाकडे बघा." तेव्हापासून मागे वळून न पाहणे हा रिवाजच पडला. जो वळेल त्याला उठवून घरी धाडत.

खेळ चांगला होता, पण गर्दी जमेना. पलीकडच्या मैदानात माकडांच्या उड्यांच्या शर्यती लागायच्या आणि सारे जंगल तिकडे लोटायचे. घळीचा मालक वाघ. त्याने एक दिवस येऊन पाहिले, जांभई दिली आणि म्हणाला, "बंद करा हे." झाले! त्या दिवशी पाडस पुराने फुगलेल्या नदीच्या काठावर उभे होते. पलीकडच्या तीरावरून आईची हाक आली होती. पाडसाने एक पाय पाण्यात टाकला आणि खेळ तिथेच थांबला, तो थांबलाच.

बाकीचे हळहळले आणि कामाला लागले. साळूला ते जमले नाही. तिच्याबरोबर तिचे पिल्लू खेळ पाहायला येत असे. त्याच थंडीत ते आजारी पडले. अंगात ताप, घशाला कोरड, पंजा उचलायचा म्हटला तरी कोपर थरथरायचे. तशातही ते विचारी, "आई, पाडसाला त्याची आई भेटली का गं?" साळू म्हणे, "खेळ पुन्हा सुरू होऊ दे. मग सांगते हं तुला." पिल्लू वाट पाहतच गेले. लेकराला दिलेला शब्द राहून गेला, हे तिच्या मनातून काही केल्या जाईना. शेवट कळला की त्याच्या बिळापाशी जाऊन मोठ्याने सांगायचा, एवढ्याच आशेवर ती दिवस ढकलत होती.

वर्षे गेली. मोर म्हातारे होऊन मेले. पाडस झालेल्या हरणाला शिंगे फुटली आणि ते दुसऱ्या खोऱ्यात संसाराला लागले. तरी त्या खेळाचे मूठभर वेडे घळीत जमायचेच. कोल्हा त्यांचा पुढारी. त्याला सगळे भाग तोंडपाठ होते आणि ते तो कुणी न विचारता म्हणून दाखवायचा. कावळा बातम्या आणायचा, सशाला कुठलीच बातमी पटायची नाही आणि साळू कोपऱ्यात बसून सगळ्यांचे ऐकायची. कड्यावर जाऊन वानराची विचारपूस करावी, हे मात्र त्या भक्तांपैकी एकालाही कधी सुचले नाही. हो, साळूलाही नाही.

एका उन्हाळ्यात, सूर्य कलता कलता, कावळा ओरडत आला. "हलली! समोरच्या कड्यावर सावली हलली!"

सगळे धावले. खरेच होते. मावळतीचे ऊन नेढ्यातून आरपार येऊन पूर्वेच्या कड्यावर पडले होते आणि त्या उजेडाच्या गोल तुकड्यात एक सावली हलत होती. एक हात वर आला, ओंजळीसारखा वाकला, तोंडाकडे गेला आणि खाली पडला.

कोल्ह्याच्या अंगात आले. "मी म्हणत नव्हतो? खेळ परत येतोय! नट गेले म्हणून काय झालं? म्हातारा वानर आता सावल्यांचा खेळ करणार. नटांची कटकटच नको. चित्रं हलणार, चित्रं!"

"सावल्यांना आवाज कुणाचा?" ससा म्हणाला. "पाडसाचा आवाज दुसऱ्याच कुणी काढला, तर मी बघणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"नाही बघणार म्हणे! पहिल्या रांगेत तूच असशील," कावळा म्हणाला. "मला वेगळीच काळजी आहे. थांबलं होतं तिथून पुढं करणार की सगळं पहिल्यापासून?"

झाली वादावादी सुरू. पुढे नेणारे एकीकडे बसू लागले, पहिल्यापासूनवाले दुसरीकडे. सावलीचा हात वाकला की कोल्हा सांगायचा, "पाडस नदीचं पाणी पितंय." ससा म्हणायचा, "ती आई आहे, हाक मारतेय." सावली खाली कोसळली की दोघेही म्हणायचे, "काय रंगलंय!" एकदा तर वरून एक खडा येऊन त्यांच्यामध्ये पडला. तो उचलून कोल्ह्याने सगळ्यांना दाखवला. "खूण आहे ही. म्हाताऱ्यानं आपल्याला पाठवलीय. खड्याला तीन कंगोरे आहेत, म्हणजे अजून तीनच भाग राहिले." तो खडा त्यांनी पानावर ठेवला आणि त्याच्याभोवती चर्चा करत बसले.

मुलांनो, आता तुम्हाला खरे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हीही त्यांच्यासारखे टाळ्या वाजवाल. वर कसलाही खेळ चालला नव्हता. म्हातारा वानर घसरून पडला होता आणि त्याचा पाय मोडला होता. झऱ्यापर्यंत त्याला जाता येईना. कातळातून पाझरणारे चार थेंब चाटून तो कसाबसा तगून होता आणि तेही आटत चालले होते. घसा इतका सुकला होता की हाक फुटेना आणि फुटली तरी संध्याकाळच्या वाऱ्यात ती विरून जाई. खाली आपले जुने प्रेक्षक जमलेले त्याला दिसायचे. तो ओंजळ करून त्यांच्याकडे पाणी मागायचा. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे! शेवटी बिचाऱ्याने खडा मारून पाहिला, त्याचीही काय गत झाली ते तुम्ही पाहिलेच.

साळूला मात्र पहिल्या दोन-चार दिवसांतच काहीतरी खुपले होते. सावलीचा हात वर यायचा तेव्हा त्याचे कोपर थरथरायचे. तशी थरथर तिने एकदा फार जवळून पाहिली होती. ती हळूच कोल्ह्याला म्हणाली, "कोल्हेदादा, मला हे काही बरं दिसत नाही. कुणीतरी आजारी आहे हो तिथं. एकदा मागं बघूया का?"

"साळूबाई!" कोल्हा दोन्ही कानांवर पंजे ठेवून म्हणाला. "इतकी वर्षं खेळ बघितलात आणि एवढंही कळू नये? अभिनय आहे तो! थरथर किती खरी वाटतेय बघा. आणि मागं बघायचं नाव काढू नका. तुमच्यामुळं खेळ बंद पडला तर?"

तुमच्यामुळे खेळ बंद पडला तर! साळूला कोल्ह्याचे पटले नव्हते, मुळीच नाही. पण ते खरे असावे असे तिला फार वाटत होते. खेळ असेल तर शेवट येणार होता आणि लेकराला दिलेला शब्द पाळता येणार होता. तिथे कुणी आजारी असेल, तर मग काहीच येणार नव्हते. म्हणून ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही गप्प बसली. अशा किती संध्याकाळी गेल्या, ते मला सांगवत नाही.

मग एका संध्याकाळी सावलीचा हात अर्ध्यावरच आला आणि तिथेच लोंबू लागला. साळूने डोळे मिटून पाहिले, पण मिटल्या डोळ्यांपुढेही तोच हात. तिच्याने राहवेना. तिने मान वळवून नेढ्याकडे पाहिले.

"मागं बघितलं हिनं!" ससा किंचाळला.

"उठा! उठा इथून!" कोल्हा ओरडला. "जरा म्हणून रीतभात?"

साळू उठली आणि कडा चढू लागली. तिचे पाय आखूड, त्यात कातळ उन्हाने तापलेला. धापा टाकत ती नेढ्यात पोहोचली तेव्हा उतरते ऊन अजून आत होते. वानर भिंतीला टेकून पडला होता. ओठांना चिरा, जीभ काळी पडलेली. साळूला पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी यायला हवे होते, पण तेवढेही अंगात उरले नव्हते. त्याने ओंजळ पुढे केली.

साळूला कळले. कळले, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे ती जे वागली ते न कळून वागली नाही. इतक्या वर्षांची तहान तिच्याही घशात दाटून आली होती. तिने विचारले, "आणते, आजोबा, पाणी आणते. पण आधी एवढं एकच सांगा. पाडसाला आई भेटली का?"

वानराने तिच्याकडे पाहिले. आयुष्यभर गोष्टी सांगणारा तो जीव. इतक्या वर्षांनी कुणीतरी समोर येऊन पुढचे विचारत होते. त्याला नाही कसे म्हणवेल? त्याने ओंजळ खाली ठेवली, सगळा जीव घशात गोळा केला आणि तो बोलू लागला.

"पाडसानं... दुसरा पाय... पाण्यात टाकला... आणि..."

पुढे नुसता वारा आला. ओठ हलत होते, शब्द नव्हते. साळू भानावर आली. "नको, आजोबा, नका बोलू! मी आलेच!" असे म्हणत ती कड्याच्या मागच्या अंगाने घसरत, ठेचकाळत झऱ्यावर गेली. झऱ्याला उन्हाळ्याने नुसती ओल उरली होती. तिने शेवाळाचा ओला गोळा तोंडात धरला आणि एक थेंबही गिळायचा नाही म्हणून दात घट्ट आवळून ती वर चढली.

वानर त्याच जागी होता. तिने शेवाळ त्याच्या ओठांवर पिळले. पाणी ओठांवरून हनुवटीवर आले आणि तिथून खाली मातीत गेले. साळू पुन्हा पुन्हा पिळत राहिली. मग तिला समजले की आता पिळून काही उपयोग नाही. आधी पाणी पाजले असते तर तो जगला असता आणि गोष्टही जगली असती. तिने त्याचा शेवटचा श्वास अर्ध्या वाक्यासाठी मागून घेतला होता. ती त्याच्या पायाशी बसून मोठमोठ्याने रडली.

ती खाली उतरली तेव्हा घळीत नुसता जल्लोष चालला होता. नेढ्यात गेलेल्या साळूची सावली समोरच्या कड्यावर पडली होती, त्याचा हा परिणाम.

"नवं पात्र आलं! काटेरी!" कावळा पंख फडफडवत होता. "नक्की खलनायक!"

"छे, पाडसाची मावशी असणार ती," ससा म्हणाला. नवे पात्र आले, एवढे मात्र त्याला पटले होते.

साळू त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली. "ते पात्र नव्हतं. मी होते. वानर आजोबा गेले. ते तहानेनं मेले आणि आपण इथं बघत बसलो होतो."

कोल्ह्याने डोळे बारीक केले. "गेले म्हणजे? गोष्टीत गेले? अहो बाई, पुढचं आधीच सांगून कशाला मजा घालवता?"

"कान झाका! सगळ्यांनी कान झाका!" कावळा ओरडला.

"गोष्ट संपली रे बाबांनो! आता कुणालाच माहीत नाही पाडसाचं काय झालं ते. कधीच कळणार नाही!" साळू आक्रोश करत होती. पण सगळ्यांनी कान झाकले होते आणि ससा मोठमोठ्याने गाणे म्हणत होता. मग त्यांनी काट्यांना न लागता, लांब काठ्यांनी ढकलत तिला घळीबाहेर काढले.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर साळू मागच्या वाटेने पुन्हा वर गेली. वानराला उघड्यावर टाकून तिला राहवत नव्हते. तिने सुकी पाने ओढून आणली, खाली वाकून ती त्याच्या अंगावर पसरली आणि आणखी आणायला उठली. त्याच वेळी सूर्य नेढ्यात आला. खालून कल्ला उठला. ती वाकली की "वा!" आणि उठली की "आता बघा, आता बघा!" शेपट्या आपटल्या जात होत्या. कोल्हा सगळ्यांना समजावून सांगत होता की ही आई आहे आणि ती पाडसाला कुशीत घेते आहे. साळूने खाली पाहिले नाही. वानराचे तोंड झाकायचे राहिले होते. तिने त्यावर हलकेच एक पान ठेवले, तेव्हा खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

तात्पर्य : गोष्टीला जीव लावणाऱ्याने गोष्ट सांगणाऱ्याची तहान आधी विचारावी, सावलीचे अर्थ लावत बसले की माणूस हातचा जातो आणि त्याची गोष्टही त्याच्याबरोबर जाते.