भट्टीने धरून ठेवलेली हाक

फार पूर्वी रानातला एक धबधबा नुसता पडत नसे. तो लोखंडाच्या कारखान्याचा भाता हलवत असे. मग कारखाना बंद पडला, माणसं निघून गेली आणि भट्टी चाळीस वर्षं थंड राहिली. यंदा तिच्या पोटात एका दयाळ पक्षिणीने अंडी घातली.

एका सकाळी तो जुना कारखाना बघायला लोक आले. त्यांना काम दाखवायला म्हातारे लोहार गेनूबा कोळशाचं पोतं घेऊन आले.

"आज मला पेटवणार!" भट्टी हरखली.

"अगं, आणि माझी अंडी?" पक्षीण अंड्यांवर पंख पसरत म्हणाली.

"तू जा ना उडून."

"अंडी कशी उडतील?"

बाहेर कोळसा ओतला गेला. काड्यापेटी खुळखुळली. पेटवण्याआधी भट्टीत हाक मारायची, ही तिथल्या लोहारांची रीत होती. रिकामी भट्टी हाक परत देते. हाक परत आली नाही, तर आत कुणीतरी आहे असं समजायचं. पण पक्षिणीच्या एवढ्याशा जिवाने कितीशी हाक अडणार?

"आहे का गं कुणी?" गेनूबा आत वाकून ओरडले.

चाळीस वर्षं भट्टी याच हाकेची वाट बघत होती. तिने ती आतल्या आत घट्ट धरून ठेवली.

गेनूबा थबकले. त्यांनी हळूच हात आत घातला. बोटांना अंडी लागली.

"पेटवताय ना?" लोकांनी विचारलं.

गेनूबा कोळसा परत पोत्यात भरू लागले.

"कशाला? गरमच आहे की ती."